चिंतामणरावांना फक्त राजीनाम्यापुरतं का आठवायचं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१४ जानेवारीला आपल्या पेपरात दिनविशेषमध्ये चिंतामणराव देशमुखांबद्दल चार ओळी आल्या होत्या, माजी अर्थमंत्री, संयुक्त महाराष्ट्रासाठी नेहरूंच्या तोंडावर राजीनामा फेकणारे बाणेदार मराठी नेते, आणि झालं, खाली लगेच तिळगुळाची रेसिपी. रेसिपीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दरवर्षी सगळ्याच पेपरात हेच छापून येतं, त्यातलं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर हे वाक्य कधी असतं कधी जागेअभावी उडतं, आणि ते गव्हर्नर असताना त्यांनी नेमकं केलं काय हे तर मी कुठेच वाचलेलं नाही. मी स्वतः बँकेत आयुष्य काढलं, रिटायर होऊन आता रोह्यात असतो, म्हणून जरा तावातावाने लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे त्यांना आपलं माणूस म्हणतात ते काही उगाच नाही. जन्म १८९६ चा, महाडवरून रायगडाकडे जाताना नाते गाव लागतं तिथला, लहानपण बरंचसं रोह्यात, वडील वकील. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप मिळवली, मग केंब्रिजला जाऊन शिकले काय तर नॅचरल सायन्स, त्यात बॉटनीचं बक्षीस. अर्थशास्त्राची डिग्री नाही हो, आणि पुढे देशाच्या नोटांवर सही यांची! १९१८ ला आयसीएसच्या परीक्षेत पहिला नंबर. त्या काळात लोकमान्य लंडनमध्ये होते, ही सरकारी नोकरी करावी का सोडावी हा प्रश्न देशमुखांनी त्यांना विचारला आणि टिळकांनी सांगितलं की कर, हा अनुभव उद्या स्वराज्यात कामाला येईल. हे आमच्याकडे जुनी माणसं फार कौतुकाने सांगायची. नंतर सी.पी. अँड बेरारमध्ये, म्हणजे नागपूरच्या बाजूला वीसेक वर्षं, जमीनमहसुलाची सेटलमेंट, मग प्रांताचा फायनान्स सेक्रेटरी, मध्ये १९३१ ला दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात काम. विदर्भातल्या वाचकांना याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, त्यांनी लिहावं.

१९३९ च्या जुलैत ते रिझर्व्ह बँकेत आले, लायझन ऑफिसर म्हणून. तीन महिन्यात सेंट्रल बोर्डाचे सेक्रेटरी, १९४१ च्या शेवटी डेप्युटी गव्हर्नर. १९४३ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर जेम्स टेलर वारले आणि देशमुखांची नेमणूक झाली ११ ऑगस्टला. मधले सहा महिने डेप्युटी म्हणून गाडा हेच ओढत होते, पण खुर्ची मिळायला सहा महिने लागले, आता त्यात काय काय झालं असेल ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

आता इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही, कारण नाहीतर हे पत्र म्हणजे नुसती आरती होईल. महायुद्धात ब्रिटिश सरकार हिंदुस्थानातून माल उचलायचं आणि त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडात जमा दाखवायचं, आणि त्या पौंडांच्या जोरावर रिझर्व्ह बँकेने इथे रुपये छापून द्यायचे, कायद्यातच तशी तरतूद होती. युद्ध सुरू झालं तेव्हा जेवढ्या नोटा चलनात होत्या त्याच्या सहा पटीच्या वर युद्ध संपताना झाल्या. महागाईने गरिबांचं कंबरडं मोडलं, १९४३ ला बंगालचा दुष्काळ. त्या काळात नोटेवर सही देशमुखांची आणि १९४४ ला सरकारने यांना सर हा किताब दिला. बेचाळीसच्या चळवळीत लोक तुरुंगात आणि हे साहेबाच्या बँकेत, असं म्हणणारे म्हणतातच आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण लंडनमध्ये साठलेला तो पैसा, १९४६ पर्यंत सतराशे कोटी रुपयांच्या वर, तो बुडवला जाऊ नये म्हणून भांडणाऱ्यांमध्येही हेच होते. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वूड्सला परिषद झाली, जिथे आयएमएफ आणि वर्ल्ड बँक जन्माला आली, तिथे आपल्या टीममध्ये हे होते. देश स्वतंत्र नाही, टीमचा प्रमुख इंग्रज, आणि तरी हे लोक आमचं येणं द्या, आयएमएफमधला आमचा कोटा, म्हणजे वाटा, वाढवा म्हणून ऐकवत होते. ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला, पुढे रशिया आत आलाच नाही म्हणून आपण पहिल्या पाचात गेलो आणि आयएमएफच्या बोर्डावर हक्काची खुर्ची आली.

पण मला जे सांगायचंय ते यापुढचं आहे, आणि ते जरा रुक्ष आहे, म्हणूनच बहुतेक दिनविशेषमध्ये बसत नाही.

१९४९ च्या आधी या देशात बँक काढणं म्हणजे काय होतं हे आजच्या मुलांना खरं वाटणार नाही. साध्या कंपनी कायद्याखाली नोंदणी करायची, बोर्ड लावायचा, ठेवी गोळा करायच्या. भांडवल नावाला. संचालक स्वतःच्याच धंद्याला बँकेतून बिनतारण कर्ज घेणार, वर मॅनेजिंग एजंट नावाचा प्राणी नफ्यातून आपला वाटा काढणार. युद्धाच्या काळात पैसा खेळत होता म्हणून अशा बँका पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या आणि युद्ध संपलं, फाळणी आली, तशा बंगाल-पंजाबात पटापट बसायला लागल्या. रिझर्व्ह बँकेला यांची दप्तरं तपासायचा धड अधिकार नव्हता, बँकेने हो म्हटलं तर बघायचं. नवा बँकिंग कायदा हवा ही शिफारस तर टेलर साहेबाच्या वेळची, १९३९ ची, पण युद्धात कोणाला वेळ. देशमुखांच्या काळात आधी १९४६ ला बँकांची तपासणी करता यावी म्हणून वटहुकूम आला, त्याच वर्षी वाटेल तिथे शाखा काढण्यावर बंधन आलं, आणि मग १६ मार्च १९४९ ला पूर्ण कायदा लागू झाला, बँकिंग कंपनीज ॲक्ट. आज आपण ज्याला बँकिंग रेग्युलेशन ॲक्ट म्हणतो तो हाच, नाव नंतर बदललं.

त्यातली कलमं मी नोकरीत रोज हाताळली. बँक चालवायला रिझर्व्ह बँकेचं लायसन्स पाहिजे, हे २२. शाखा काढायला परवानगी, २३. मूळ कायद्यात ठेवींच्या २० टक्के तरी रक्कम रोख, सोनं किंवा सरकारी रोख्यात ठेवलीच पाहिजे असं होतं, हे २४, ज्याला आज टीव्हीवर एसएलआर म्हणतात. संचालकांना बिनतारण कर्ज बंद, २०. आणि ३५, तपासणी. कुठल्याही बँकेत रिझर्व्ह बँकेचा माणूस जाऊन वह्या मागू शकतो आणि मॅनेजरने द्यायच्या, विषय संपला. नोकरीत असताना ते इन्स्पेक्शन आलं की आमच्या ब्रँचमध्ये काय पळापळ व्हायची, जुने लेजर खाली काढा, सह्या राहिलेल्या व्हाउचर शोधा, तारणाची कागदपत्रं लावा, मोठमोठे साहेब ज्यांचा आवाज एरवी मजल्यावर घुमायचा ते तपासनिसासमोर चहा घ्या साहेब म्हणून उभे. तो तपासनीस वयाने पोरगा असायचा आणि डबा घरून आणायचा, चहाच्या पलीकडे काही घेत नसे. हा दरारा आकाशातून पडला नाही, कोणीतरी बसून त्याची कलमं लिहिली, दिल्लीला पाठपुरावा केला, बँकवाल्यांची कुरकुर ऐकून घेतली. एकट्या देशमुखांनी केलं असं मी म्हणत नाही, त्यांच्याबरोबर खूप हुशार माणसं होती, पण खुर्चीत ते होते.

आणि याच कायद्यात एक भोक राहिलं जे आपल्या महाराष्ट्राला सगळ्यात महागात पडलं. १९४९ चा कायदा सहकारी बँकांना लागू नव्हता. तो लागू झाला १ मार्च १९६६ ला, तोही अर्धा, म्हणजे बँकिंग बघणार रिझर्व्ह बँक आणि संचालक मंडळ बघणार सहकार खातं, त्यामुळे एकाने बोट दाखवायचं दुसऱ्याकडे. संचालक मंडळावर खऱ्या अर्थाने हात टाकायची ताकद रिझर्व्ह बँकेला मिळाली थेट २०२० ला, पीएमसी या सहकारी बँकेचं प्रकरण झाल्यावर. सप्टेंबर २०१९ मध्ये लोकांना सहा महिन्यात जास्तीत जास्त १००० रुपयेच काढता येतील म्हणून सांगितलं होतं, आठवतं ना? एकाच बिल्डरच्या ग्रुपकडे बँकेच्या कर्जाचा केवढा मोठा वाटा अडकला होता आणि कोणाला पत्ता नव्हता. ती बंदी ज्या कलमाखाली आली ते ३५ए म्हणजे या ३५ च्याच पोटात १९५६ च्या दुरुस्तीने घातलेलं कलम.

आता जरा आमच्याकडचं सांगतो. मागे आमच्या भागातल्या एका पतपेढीचं शटर एक दिवस अर्धवट खाली आलं. बाहेर पन्नास-साठ माणसं, त्यात मच्छी विकणाऱ्या बायका जास्त, कारण पिग्मीवाला रोज बाजारात फिरून त्यांच्याकडून पैसे न्यायचा. एक मावशी, पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, मला म्हणाल्या की भाऊ तुम्ही बँकवाले ना, मग ते पाच लाखाचं सरकार देतं ते मला कधी मिळणार. काय सांगणार? ते पाच लाखांचं विमासंरक्षण, २०२० च्या फेब्रुवारीपासून एक लाखाचं पाच लाख झालं ते, बँकेच्या ठेवींना आहे. पतपेढी ही बँक नाहीच. तिला रिझर्व्ह बँकेचं लायसन्स नाही, तिथे ३५ नाही, तिथे तो डबा घेऊन येणारा तपासनीस नाही. ती सहकार निबंधकाच्या ताब्यात. मावशींना हा फरक कोणीच सांगितला नव्हता, ना पिग्मीवाल्याने ना ज्यांच्या हस्ते उद्घाटन झालं होतं त्यांनी. काउंटर तसाच, शिक्का तसाच, पासबुक तसंच, एसी उलट जास्त थंड. मावशी म्हणाल्या, मग पाटीवर लिहायचं ना तसं. मला यावर काही बोलता आलं नाही. बँक हा शब्द कोणी लावायचा आणि कोणी नाही यावर १९४९ च्या कायद्यात वेगळं कलम आहे, पण काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ते कसं कळणार.

असो, विषयावर येतो. फाळणीच्या वेळची एक गोष्ट राहिली. दोन देश झाले आणि सुरुवातीला रिझर्व्ह बँक एकच, दोघांची. १९४८ च्या जूनअखेरपर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणून मुंबईतली हीच बँक काम करत होती, आपल्याच नोटांवर पाकिस्तान सरकार असं छापून त्या तिकडे चालवल्या. जानेवारी १९४८ मध्ये काश्मीरमुळे पाकिस्तानला द्यायच्या ५५ कोटींचं प्रकरण पेटलं, त्या वेळी या बँकेचा गव्हर्नर म्हणजे दोन्ही सरकारांचा खजिनदार, आणि ती दोन सरकारं एकमेकांशी लढतायत. कल्पना करा काय डोकेदुखी असेल. त्यात १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, तोपर्यंत ती खाजगी भागधारकांची होती हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि हो, नोटबंदी. जानेवारी १९४६ मध्ये ५००, १००० आणि १०,००० च्या नोटा बंद केल्या, तेव्हा गव्हर्नर हेच. जवळपास १४४ कोटींच्या नोटा होत्या त्यातल्या १३५ कोटींच्या आसपास बदलून परत आल्या. काळा पैसा कुठे गेला? त्याने आपापली वाट शोधली. हा आकडा रिझर्व्ह बँकेच्या दप्तरात सत्तर वर्षं पडून होता, २०१६ ला कोणी चाळला का नाही देव जाणे.

१९४९ च्या जूनअखेर ते बँकेतून बाहेर पडले, १९५० ला अर्थमंत्री झाले, ५२ ला आमच्या कुलाब्यातून, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातून, लोकसभेवर निवडून गेले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली १ जुलै १९५५ ला, ती यांच्या कारकिर्दीत. आणि १९ जानेवारी १९५६ ला रेडिओवर येऊन यांनी सांगितलं की आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला, २४५ कंपन्या आणि सोसायट्या एका वटहुकमात. सगळं इतकं गुप्त की कंपन्यांना वह्या इकडच्या तिकडे करायला वेळच मिळू नये. इथे मला थोडं खटकतं, नियमाने चालणारा माणूस रातोरात वटहुकूम काढतो म्हणजे काय, पण विमा कंपन्यांनी लोकांच्या हप्त्यांशी जे खेळ चालवले होते ते बघता आधी दवंडी पिटून काही साधलं नसतं हेही खरं.

तारीख बघा मात्र. १६ जानेवारीला नेहरूंनी रेडिओवर मुंबई केंद्रशासित केल्याचं जाहीर केलं, मुंबई पेटली, गोळीबार सुरू झाला, माणसं मरत होती, आणि त्याच आठवड्यात १९ ला त्याच रेडिओवर हे विम्याबद्दल बोलत होते. त्याच जानेवारीत यांनी राजीनामा दिला, तो मंजूर व्हायला जुलै उजाडला, आणि २५ जुलैला लोकसभेत भाषण. ते भाषण आपण मराठी अस्मितेचं भाषण म्हणून डोक्यावर घेतो. त्यात अस्मिता आहेच, पण तक्रार काय आहे ती नीट वाचा. त्यांचं म्हणणं असं होतं की मुंबईबद्दलचा एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता झाला, आणि गोळीबाराची चौकशी सरकार करत नाही. म्हणजे विचारलं कोणाला, कागद कुठे आहे, माणसं मेली त्याचा तपास कोण करणार. हे कलम ३५ च आहे, फक्त बँकेच्या जागी पंतप्रधान! ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या त्याने स्वतःच्या सरकारची वही मागितली आणि ती मिळाली नाही म्हणून तो उठून गेला. मला तरी हा राजीनामा असाच दिसतो, आणि म्हणून त्याला त्यांच्या आधीच्या कामापासून तोडून वेगळं फ्रेम करून भिंतीवर लावलेलं मला पटत नाही.

पुढचं थोडक्यात. यूजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी, दुर्गाबाईंसारखी जोडीदार जिचं काम यांच्याइतकंच मोठं आणि जिच्यावर आपल्याकडे त्याहून कमी लिहिलं जातं. मेघदूत मराठीत आणलं, गांधीजींची वचनं संस्कृत श्लोकात बांधली. १९६९ ला राष्ट्रपतिपदाला उभे राहिले, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर, गिरी आणि संजीव रेड्डींच्या मारामारीत तिसरे आले. ते त्यांनी करायला नको होतं असं माझं मत, कोणाला पटो न पटो. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला गेले.

तर आपल्याकडे मागणं दोन गोष्टींचं आहे. एक, पुढच्या १४ जानेवारीला चार ओळींऐवजी अर्धं पान द्या आणि त्यात १९४९ चा कायदा असू द्या, ठाणे महापालिकेने प्रशासकीय परीक्षांच्या संस्थेला त्यांचं नाव दिलंय, तिथल्या एखाद्या मुलाकडून लिहून घेतलंत तरी चालेल. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, आपल्या पेपरात दर आठवड्याला पतपेढ्यांच्या ठेव योजनांच्या पानभर जाहिराती येतात, आकर्षक व्याजदर, ज्येष्ठांना जादा. त्या छापू नका असं मी म्हणत नाही, पेपर चालवायला पैसे लागतात. पण त्या जाहिरातीच्या खाली, वाचता येईल एवढ्या टायपात, एक ओळ टाका की ही बँक नाही, इथल्या ठेवींना पाच लाखांच्या विम्याचं संरक्षण नाही. जाहिरात देणारे नाराज होतील, एखादी जाहिरात जाईलही. टाकणार का ते कळवा, पत्र छापलं नाहीत तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
रोहा, जि. रायगड